जमाखर्चाच्या वहीपासून दिवाणपदापर्यंत

(मंडळाच्या उमरेड येथील वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर. सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला. मोठ्या सभेत बोलण्याचा सराव आम्हांस नाही. तथापि कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि ती मोडणे आमच्या वयास शोभले नसते, म्हणून उभे राहिलो आहोत. बोलण्यात काही उणेअधिक झाल्यास ते आपण पदरात घ्यावे, अशी प्रारंभीच विनंती आहे.

विषय आम्ही निवडलेला नाही, तो मुलांनी सुचविला. २६ डिसेंबर २०२४ रोजी माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचे निधन झाले. त्यानंतरच्या आपल्या बैठकीत त्यांना श्रद्धांजली वाहण्यात आली, तेव्हा वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या एका मुलीने आम्हांस विचारले, "गुरुजी, हिशेब करणारा माणूस राज्य करू शकतो का?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना आम्ही अडखळलो. आजचे भाषण म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

मनमोहन सिंगांची वाटचाल आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. १९७२ मध्ये ते भारत सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले, १९७६ मध्ये अर्थखात्याचे सचिव, १९८२ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९९१ मध्ये अर्थमंत्री आणि २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे पंतप्रधान. आपल्या महाराष्ट्रास हा प्रकार नवा नाही. नाना फडणीस आरंभी पेशव्यांच्या दरबारी फडाचे, म्हणजे दफ्तराचे आणि हिशेबाचे, अधिकारी होते. पुढे सवाई माधवरावांच्या काळात साऱ्या मराठी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. आपल्या नागपुराशी संबंध आलेले चिंतामणराव देशमुख हे जुन्या मध्यप्रांताच्या सरकारात अर्थखात्याचे सचिव होते. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर केंद्राचे अर्थमंत्री झाले. राज्याचे प्रमुखपद मात्र त्यांच्या वाट्यास आले नाही.

परंतु आज आम्ही ज्या पुरुषाची हकीकत सांगणार आहोत, त्याचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. मद्रासेच्या हिशेब-कचेरीत कारकुनी करून ज्याने आयुष्याचा आरंभ केला आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद ज्याने भूषविले, ते राजा सर टी. माधवराव हे मराठी बोलणाऱ्या घराण्यातील होते. संस्थानात राजा गादीवर बसे, पण कारभार दिवाण पाही. आजच्या भाषेत तो सरकारचा प्रमुखच होय.

ही हकीकत सांगण्यापूर्वी आमच्या घरची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कारण हिशेब हा विषय आम्हांस का जिव्हाळ्याचा वाटतो, हे त्यावाचून कळणार नाही.

उमरेडच्या रेशीमकाठी धोतरांचा लौकिक आपल्या वाडवडिलांच्या हातांनी झालेला आहे. आमचे आजोबा मागावर बसत. सूत सावकाराचे, माग आजोबांचा. सावकार सूत वजन करून देई, विणलेला जोड वजन करून घेई आणि मजुरी वहीत लिही. आगाऊ घेतलेली उचल, लग्नकार्यास काढलेले पैसे, त्यांवरील व्याज, हे सारे त्याच वहीत. आजोबांना अक्षर येत नव्हते. त्यांनी आपला हिशेब घरच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवला होता : एका जोडास एक रेघ, दहा रेघा झाल्या की आडवी काट. एका वर्षी दिवाळीच्या सुमारास भिंत आणि वही यांचा मेळ बसेना. भिंतीवर सात जोड अधिक होते. आजोबा सावकाराकडे गेले. त्याने वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाला, "वाचून पाहा." आजोबा परत आले. त्या दिवशी त्यांनी आमच्या वडिलांना बोलावून सांगितले, की तुझा मुलगा शाळेत जाईल. आम्ही मास्तर झालो त्याचे मूळ त्या सात रेघांत आहे. असो.

आता माधवरावांकडे वळू.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास राज्य स्थापिल्यावर अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी जाऊन राहिली. बाहेर तमिळ, घरात मराठी, अशी त्यांची रीत पडली. अशाच एका घराण्यात १८२८ साली कुंभकोणम् येथे माधवरावांचा जन्म झाला. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरचे दिवाणपद सांभाळलेले होते. म्हणजे माधवराव झोपडीतून निघाले आणि वाड्यात पोचले, असे आम्ही सांगणार नाही. मुलांना खोटी गोष्ट सांगून धीर देणे आम्हांस मान्य नाही. घराण्याचा आधार त्यांना होताच. परंतु घराण्याच्या नावावर थेट मोठी जागा न मिळविता त्यांनी खालून आरंभ केला, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल नावाच्या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली ते शिकले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय. शिक्षण पुरे झाल्यावर काही काळ त्यांनी त्याच शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविले आणि मग मद्रासच्या अकाउंटंट-जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. तेथे राज्याच्या जमाखर्चाची रचना कशी असते, आलेला पैसा कोणत्या सदराखाली पडतो, गेलेल्या पैशास कोणाची सही लागते, हे त्यांना शिकावयास मिळाले. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले. सुमारे चार वर्षे त्यांनी राजपुत्रांना शिकविले. मग त्या संस्थानाच्या महसूल खात्यात त्यांची नेमणूक झाली, आणि तेथून ते दिवाण पेशकार, म्हणजे एका विभागाचे प्रमुख अधिकारी, झाले. म्हणजे हिशेबनीस आणि शिक्षक, या दोन्ही धंद्यांतून ते कारभारात शिरले. आमच्यासारख्या शाळामास्तरास याचा थोडा अभिमान वाटला, तर तो आपण क्षम्य मानावा.

त्रावणकोर म्हणजे आजच्या केरळाचा दक्षिण भाग आणि कन्याकुमारीचा मुलूख. १८५७ च्या अखेरीस तेथील दिवाण वारले आणि तिशीच्या आतल्या माधवरावांवर दिवाणपदाची जबाबदारी येऊन पडली. त्या वेळी खजिन्यात जवळजवळ काहीच नव्हते. नोकरांचे पगार थकले होते. इंग्रजांना द्यावयाच्या खंडणीची बाकी चढली होती आणि ती भागविण्यासाठी सरकारने श्रीपद्मनाभस्वामींच्या देवस्थानाकडून पाच लाख रुपये कर्ज काढलेले होते. देवाच्या भांडारातून उसने आणून चाललेले राज्य किती दिवस तग धरणार?

अशा वेळी सामान्य कारभारी काय करतो? नवा कर बसवितो. माधवरावांनी उलट वाट धरली. त्रावणकोरात मिरी सरकारलाच विकावी लागे, तीही सरकार ठरवील त्या दराने. तंबाखूचा व्यापारही सरकारने आपल्या हाती ठेवला होता. अशा मक्तेदारीत दिसावयास सरकारचा लाभ दिसतो, पण शेतकरी नाउमेद होतो आणि चोरटा व्यापार फोफावतो. माधवरावांनी आधी मिरीची व पुढे तंबाखूची मक्तेदारी मोडली. एकीवर निर्यातीचा आणि दुसरीवर आयातीचा कर बसवून व्यापार मोकळा केला. उत्पन्नाहून वसुलीचा त्रास अधिक असे अनेक किरकोळ कर काढून टाकले. १८६५ मध्ये ब्रिटिश मुलूख, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यात करार होऊन एकमेकांच्या मालावरील जकातीचा अडसर दूर झाला. जकात नाक्यावर गाठोडे सोडून दाखविण्याची पाळी ज्यांच्या वडिलांवर आली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. त्याच वर्षी सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना त्या जमिनीवर मालकीचे हक्क देणारा जाहीरनामा निघाला. जमीन आपली झाली, की माणूस तीत विहीर खणतो, झाड लावतो. त्यातून उत्पन्न वाढते आणि मागाहून सरकारचेही वाढते.

हे सारे करताना त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि आजच्या भाषणाचे सार तीत आहे. दरवर्षी राज्यकारभाराचा अहवाल तयार करून तो छापण्याची पद्धत त्यांनी पाडली. राज्यात किती आले, किती गेले, कोणत्या खात्यावर किती खर्च झाला, हे आकड्यांनिशी लोकांपुढे येऊ लागले. संस्थानी कारभारात ही गोष्ट नवलाची होती. खजिना म्हणजे राजाची खाजगी तिजोरी, असे मानण्याचा तो काळ. माधवरावांनी त्या तिजोरीची वही उघडली. १८६३ साली ते अभिमानाने सांगू शकले, की राज्यावर आता सार्वजनिक कर्ज उरलेले नाही. १८७२ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा राज्याच्या गंगाजळीत चाळीस लाख रुपये शिल्लक होते. आणि हे पैसे सडका, कालवे, शाळा व दवाखाने यांस कात्री लावून साठविलेले नव्हते. ती कामे चालूच होती. तिरुवनंतपुरमची सचिवालयाची भव्य इमारत त्यांच्याच दिवाणगिरीत उभी राहिली. तिच्यासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या ठिकाणास लोक नुसते 'स्टॅच्यू' म्हणून ओळखतात.

इंग्लंडच्या पार्लमेंटचे सभासद आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री फॉसेट यांनी माधवरावांना हिंदुस्थानचे तुर्गो म्हटले. तुर्गो हे फ्रान्सच्या राजाचे अर्थमंत्री. त्यांनीही व्यापारावरील बंधने सैल करून रिकामा खजिना सावरण्याचा यत्न केला. पण दरबारी मंडळींचे हितसंबंध दुखावले आणि १७७६ मध्ये, दोनच वर्षांत, राजाने त्यांना घरी बसविले. उपमा देताना फॉसेट यांच्या मनात नसेल, परंतु एका बाबतीत ती पुढे खरी ठरली. ज्या राजपुत्राला माधवरावांनी शिकविले, तेच आयिल्यम् तिरुनाळ महाराज १८६० मध्ये गादीवर आले होते. काही वर्षांनी गुरु-शिष्यांची मने दुरावली आणि १८७२ मध्ये माधवरावांनी दिवाणपद सोडले.

बंधुभगिनींनो, थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याची उणी बाजू झाकण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. आम्ही ती पाळणार नाही. हिशेबावर बोलावयाचे आणि खर्चाची बाजू वाचावयाची नाही, हे योग्य होणार नाही. माधवराव दिवाण झाले त्या सुमारास दक्षिण त्रावणकोरात नाडार समाजाच्या स्त्रियांनी अंगभर वस्त्र नेसण्याच्या हक्कासाठी झगडा चालविला होता. वरच्या म्हणविणाऱ्या जातींनी त्यांस विरोध केला, दंगे झाले, आणि दरबारची सहानुभूती त्या स्त्रियांकडे नव्हती. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांचा दाब आल्यावर १८५९ च्या जुलैमध्ये जाहीरनामा निघाला. त्याने वस्त्र पांघरण्याची मोकळीक दिली. पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखे नेसू नये, अशी अट घातली! पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या दिवाणाच्या राज्यात काही माणसांचे खाते पुरते उघडलेच गेले नव्हते. आपण कापड विणणाऱ्यांची लेकरे आहोत. अंगावरच्या वस्त्रासाठी कोणाला लढावे लागले, ही गोष्ट आपण तरी विसरता कामा नये. जातीच्या नावाने मंडळ चालविताना आपल्या वहीतून कोणाचे नाव गळते आहे, हेही आपण पाहिले पाहिजे.

त्रावणकोर सोडल्यावर १८७३ मध्ये माधवराव इंदुरास तुकोजीराव होळकरांचे दिवाण झाले. तेथे ते सुमारे दोन वर्षे होते. इतक्यात बडोद्याचे प्रकरण उद्भवले. मल्हारराव गायकवाडांच्या कारकीर्दीत बडोद्याचा कारभार पार विसकटला होता. एकीकडे रयत वसुलीने गांजलेली आणि दुसरीकडे महाराज सोन्याच्या तोफा ओतवून घेत होते. इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याच्या आरोपाची चौकशी झाली आणि १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला. तेच पुढे सयाजीराव महाराज. मुलगा सज्ञान होईपर्यंत राज्य सांभाळण्यासाठी माधवरावांना बडोद्यास आणण्यात आले.

बडोद्यात त्यांनी पुन्हा वहीपासूनच आरंभ केला. वसुलीचा इजारा देण्याची पद्धत त्यांनी मोडली. इजारा म्हणजे काय, हे मुलांना थोडक्यात सांगतो. सरकार एखाद्या माणसाकडून ठरावीक रक्कम घेऊन टाकते आणि परगण्याची वसुली त्याच्यावर सोपविते. मग तो रयतेकडून किती पिळून काढतो, ते सरकार पाहत नाही. त्या जागी पगारी अधिकारी आणि ठरलेला सारा आला. न्यायखाते, पोलीस, शिक्षण व बांधकाम यांची नीट घडी बसली. येथेही दरवर्षीचा अहवाल छापला जाऊ लागला. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना 'राजा' हा किताब मिळाला.

बाल महाराजांच्या शिक्षणासाठी एलियट नावाचे शिक्षक नेमलेले होते. परंतु महाराजांच्या हाती अधिकार येण्याची वेळ जवळ आली तेव्हा जुना शाळामास्तर माधवरावांत जागा झाला. १८८१ मध्ये त्यांनी स्वतः महाराजांपुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली आणि ती 'मायनर हिंट्स' या नावाने ग्रंथरूपही झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराजांनी अधिकारसूत्रे घेतली. पुढे दोघांचे मतभेद झाले आणि १८८२ मध्ये माधवरावांनी बडोदेही सोडले. एका गुरूच्या नशिबी दोनदा एकच अनुभव आला. परंतु आम्ही शिक्षक आहोत, आम्हांस याचे फार दुःख वाटत नाही. विद्यार्थी आपल्याशी वाद घालू लागला म्हणजे शिकविणे वाया गेले, असे मुळीच नव्हे. पुष्कळदा ते लागू पडले, असाच त्याचा अर्थ असतो.

बडोद्यात ते लागू पडलेच. सावरलेल्या खजिन्याच्या पायावर सयाजीरावांनी जे उभारले, त्याचे श्रेय त्यांचेच आहे. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१३ मध्ये त्यांनी एका तरुणास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी जे विषय अभ्यासिले, त्यांत ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांचा जमाखर्च होता आणि रुपयाचा प्रश्न होता. एका राज्याची वही नीट झाली, तेव्हा त्या राज्यास दुसऱ्याच्या मुलाला शिकविता आले आणि त्या मुलाने देशाची वही तपासली. तथापि १९१७ मध्ये तेच आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. नुसता जमाखर्च सुधारून समाज सुधारत नाही, हे यावरून उघड आहे; पण तो बिघडलेला असेल तर सुधारणेचे साधनच हाती राहत नाही, हेही तितकेच उघड आहे.

शेवटची वर्षे माधवराव मद्रासेस राहिले. १८८७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन तेथे भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा अंत झाला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. हिशेब करणारा माणूस राज्य करू शकतो का? आमचे उत्तर असे की, नुसता हिशेब करणारा करू शकत नाही. तो कारकून राहतो. हिशेब उघडा ठेवणारा मात्र करू शकतो. आमच्या आजोबांच्या सावकारालाही हिशेब उत्तम येत होता. वही त्याने पुढे धरली, पण ती वाचता न येणाऱ्या माणसापुढे धरली. माधवरावांनी ती छापून बाहेर ठेवली. दोघांतील अंतर बुद्धीचे नाही, हेतूचे आहे.

हे इतके धीटपणे बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे काय? नाही. म्हणूनच एक गोष्ट आपल्यापुढे कबूल करावयाची आहे.

आपल्या शिक्षण निधीचे खजिनदार म्हणून आम्ही अकरा वर्षे काम पाहिले. त्यांतील एका वर्षी मेळाव्याच्या आदल्या रात्री जमाखर्च मांडला, तो एक हजार आठशे पन्नास रुपयांनी तुटीचा निघाला. तीनदा बेरीज केली, तूट कायम. आम्हांस लाज वाटली. साऱ्या गावाला गणित शिकविणारा मास्तर आणि त्याच्या वहीत तूट! आम्ही कपाटातून आपले पैसे काढले, पेटीत टाकले आणि दुसऱ्या दिवशी सभेत वाचून दाखविले, की जमाखर्च बरोबर आहे. टाळ्या पडल्या. पदरचे पैसे भरले म्हणून मनातल्या मनात आम्ही स्वतःस थोर समजलो.

परंतु मनात संशय राहिला. त्या वर्षी वर्गणी गोळा करणारा एक तरुण कार्यकर्ता होता. आम्ही त्याला काही विचारले नाही. कोणास काही बोललो नाही. पुढच्या वर्षी फक्त पावतीपुस्तक त्याच्या हाती दिले नाही. तो काय समजावयाचे ते समजला आणि मंडळात येईनासा झाला. दोन वर्षांनी एक गृहस्थ मुलाच्या नोकरीचे पेढे घेऊन आमच्या घरी आले. बोलता बोलता म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी एस. टी. स्थानकावर तुम्ही वसतिगृहाचे साडेअठराशे रुपये हातावर ठेवले, म्हणून पोराचे वर्ष वाचले." आम्ही पैसे दिले होते, घाईत लिहून ठेवावयाचे विसरलो होतो. ते गृहस्थ त्या वर्षीच्या सभेत पहिल्या रांगेत बसलेले होते. आम्ही तूट वाचून दाखविली असती, तर त्यांनी उभे राहून एका मिनिटात ती भरून काढली असती. आम्ही एक हजार आठशे पन्नास रुपये झाकले आणि एक माणूस गमावला.

खरे समजल्यावरही त्या तरुणाच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हांस लवकर झाले नाही. गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. त्याने बसावयास दिले, चहा दिला. तो फार काही बोलला नाही आणि त्याने बोलावे असा आमचा हक्कही नव्हता. आजच्या सभेचे निमंत्रण आम्ही स्वहस्ते दिले आहे. तो आलेला दिसत नाही. परंतु त्याच्यावर कधी कोणी मनात संशय घेतला असेल, तर तो आजपासून काढून टाकावा. चूक सर्वस्वी आमची होती.

याच कारणाने आम्ही कार्यकारी मंडळास दोन विनंत्या केल्या आणि त्या मान्य झाल्या, याबद्दल मंडळाचे आभार. पहिली अशी की, शिक्षण निधीचा संपूर्ण जमाखर्च, तुटीसकट आणि येणे बाकीसकट, दरवर्षी स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापावा. आमच्या अकरा वर्षांचा हिशेबही त्यात असेल आणि त्या वर्षाची तूट तूट म्हणूनच दाखविली जाईल. दुसरी अशी की, वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांनी दरसाल हा हिशेब तपासावा आणि सभेत उभे राहून वाचावा. पहिल्या वर्षी हे काम, जिने आम्हांस प्रश्न विचारला, तिच्याकडे आले आहे. तिने आमच्या वहीत दोन चुका आधीच काढल्या आहेत. लहान आहेत, पण आहेत!

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी बँकेत जाईल, कोणी तहसील कचेरीत, कोणी कोळशाच्या खाणीच्या हजेरीपटावर बसेल. कोणी आणखी वर जाईल. जावे, आमचा आशीर्वाद आहे. परंतु आपल्या हाती वही आली, तर तिच्या पलीकडे कोणी तरी उभा आहे, हे ध्यानात ठेवा. त्याला वाचता येत नसेल, तर त्याला वाचून दाखवा. आमच्या घराची भिंत पुढे अनेकदा पोतारली गेली. आजोबांच्या त्या सात रेघा आता दिसत नाहीत, परंतु त्या येणे बाकी आहेत, असे आम्ही समजतो. त्या फेडण्याचे काम तुमच्याकडे सोपवून आम्ही आपली रजा घेतो.